‘टक्कल व्हायरस’चं बारसं करणाऱ्यास

श्रीयुत,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’नं करायची आपल्याकडे रीत आहे. प्रेम काही जमलं नाही, तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

तुमचं नाव मी लिहीत नाही. एक नाव लिहिलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतील. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळू लागले. तेव्हा बूम आणि मोबाईलचा स्टँड घेऊन जो जो आला आणि ज्यानं ज्यानं व्हिडिओवर ठसठशीत अक्षरांत ‘टक्कल व्हायरस’ असं छापलं, त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलंय असं समजावं.

मी प्रोग्रॅमर आहे. खामगावात शिकलो, आता पुण्यात नोकरी करतो. विज्ञानाच्या आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या सकाळी चहासोबत वाचायच्या आणि दुपारच्या डब्यावर मित्रांशी त्यावर वाद घालायचा, ही माझी जुनी सवय. लोणारचं सरोवर सोडलं तर बुलढाणा जिल्हा त्या बातम्यांत क्वचितच येतो. त्या जानेवारीत आला, आणि तुम्ही ठेवलेल्या नावानं आला. माझी मावशी त्याच पट्ट्यातल्या एका गावात राहते. कुठल्या, ते सांगणार नाही. गावाचं नाव बाहेर गेलं की काय होतं, ते आम्ही त्या महिन्यात बघितलंय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. तिळाचं, गुळाचं काही बोलली नाही. थेट म्हणाली, “बापू, पोरीले पाह्याले येनार होते. आता फोनच उचलत नाहीत थे लोक. मुलाच्या काकानं तो व्हिडिओ पाठवला अन् खाली लिहिलं का तुमच्याइकडे व्हायरस हाये.”

मावशीच्या घरात एकाचाही केस गळाला नव्हता. मावसबहिणीची वेणी कमरेपर्यंत होती, आजही आहे. मी मावशीला हे सांगू लागलो, तर ती मध्येच म्हणाली, “मले काय सांगतं, त्याइले सांग.” मग थोडी थांबली आणि तिनं विचारलं, “तू कम्प्युटरवाला हायेस ना? मंग थे फोनातून काढून टाकता येत नाही का?”

तुमचा व्हिडिओ तोवर किती फोनांत गेला होता, याचा हिशेब ना माझ्याकडे होता ना तुमच्याकडे. काढून टाकता येत नाही, एवढंच मी तिला सांगितलं. ते सांगताना जे वाटलं, त्यातून हे पत्र निघालंय.

मूल जन्मायच्या आधी कोणी पाळणा सजवून बारसं उरकत नाही. तुम्ही उरकलंत. आजाराचं कारण सापडलेलं नव्हतं. आरोग्य विभागाचे लोक पाण्याचे नमुने घेत होते, त्वचेचे नमुने तपासायला पाठवत होते. आयसीएमआरच्या तज्ज्ञांचं पथक यायचं होतं. तुम्ही तेवढ्यात कारण सांगून मोकळे झालात. कोणत्या प्रयोगशाळेनं तुम्हाला ‘व्हायरस’ हा शब्द दिला? कोणत्या डॉक्टरानं? त्या डॉक्टराचं नाव तुमच्या व्हिडिओत का नाही?

आमच्या कामात बिघाड नोंदवायचा एक साधा तक्ता असतो. काय झालं, कधी झालं, कुठे झालं, कोणाकोणाला झालं, पुन्हा घडवून दाखवता येतं का. शेवटचा रकाना ‘कारण’. तो रकाना दिवसेंदिवस कोरा राहतो आणि कोरा राहिल्याची कोणालाही लाज वाटत नाही. नवीन आलेल्या पोरानं अंदाजानं तो भरला, तर वरिष्ठ सगळ्यांसमोर त्याला झापतात. त्याचं कारण असं की रकाना एकदा भरला की शोध थांबतो. दहा माणसं चुकीच्या दिशेनं दोन दिवस खपतात आणि खरा दोष तिथेच बसून राहतो. तुम्ही ‘कारण’ हा रकाना पहिला भरलात, आणि बाकीचे सगळे कोरे सोडलेत.

‘व्हायरस’ या शब्दाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तो आमच्याही धंद्यातला शब्द आहे. फ्रेड कोहेन या संशोधकानं १९८४ च्या आपल्या लेखात संगणकाच्या व्हायरसची जी व्याख्या केली तिचा गाभा एवढाच: जो प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आपली प्रत घुसवतो, तो व्हायरस. शरीरातल्या विषाणूचंही तसंच असतं. तो पेशीत शिरतो, तिच्याकडून आपल्या प्रती काढून घेतो आणि पुढे जातो. प्रत निघाली पाहिजे, ही पहिली अट. खामगावच्या कम्प्युटर क्लासमध्ये संगणक हळू चालला की पोरं ‘व्हायरस आला’ म्हणायची. आमचे सर पहिल्यांदा मागचं झाकण उघडून धूळ दाखवायचे, मग डिस्क किती भरलीय ते दाखवायचे. व्हायरस निघायचा तो क्वचित.

मग शेगाव तालुक्यात तुम्ही हे साधं तपासलंत का? एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर काही गेलं का? रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाला झालं का? तपासणाऱ्या डॉक्टरांना झालं का? आधी डोक्याला खाज, मग केस राठ, मग हात लावला की पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. एवढं तुम्ही दाखवलंत. रडणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा पदर बाजूला करायला लावून दाखवलंत. त्या महिन्यात शेगाव तालुक्यात स्वतःच्या प्रती काढत पसरलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे तुमचा व्हिडिओ.

खरं कारण शोधणारी माणसं तेव्हा काय करत होती, ते आता सांगतो. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो रास्त होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजारानं माणसं जातात, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. काही नमुन्यांत नायट्रेट जास्त निघालंही. पण हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारं आहे आणि केस त्याच महिन्यात गळाले, हा प्रश्न उरतोच. शाम्पूचाही संशय आला, पण शाम्पू न लावणाऱ्यांचेही केस गेले होते.

मग महाडहून डॉ. हिंमतराव बावसकर आले. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन कोकणातले असंख्य जीव वाचवणारे हेच ते डॉक्टर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी गावांत जाऊन रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू गोळा केला आणि तपासायला पाठवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. १८ गावांतले २७९ लोक बाधित. सेलेनियमचं प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट वाढलेलं. जस्त मात्र कमी झालेलं. संशय रेशनच्या दुकानातून आलेल्या गव्हावर, जो पंजाबातून आल्याचं त्यांचं म्हणणं. हा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याची उलटतपासणी करायचा हक्क सगळ्यांना आहे, कारण त्यांनी आकडे उघड्यावर ठेवले. तुमच्या ‘व्हायरस’ची उलटतपासणी कशी करायची? तुम्ही ठेवलंय काय उघड्यावर?

सेलेनियम शरीराला लागतं, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा साधारण अठरा हजारावा भाग. त्याच्या कितीतरी पट पोटात गेलं की केस जातात आणि नखं ठिसूळ होतात. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० च्या दशकात हेच घडलं होतं. अमेरिकेत २००८ साली चुकीच्या प्रमाणात बनवलेल्या एका पूरक औषधामुळे २०१ लोकांना हीच बाधा झाली. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या कृषी शास्त्रज्ञांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय. आमच्या गावांत एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखं वाकडी होऊन गळू लागली. ज्यानं सेलेनियमबद्दल दोन पानं वाचली होती, त्याला त्यात नवल वाटलं नाही. तुम्ही मात्र पुन्हा स्टँड घेऊन आलात आणि पुन्हा ‘रहस्यमय’ म्हणालात.

या सेलेनियमचं बारसं कसं झालं, तेही ऐका. १८१७ साली बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात एक तांबूस पदार्थ दिसला. त्याला वाटलं, हे टेल्युरियम. तसं त्यानं कळवलंही. मग त्यानं पुन्हा तपासलं, आपली चूक आपणच पकडली आणि हे नवीन मूलद्रव्य आहे हे पक्कं झाल्यावर त्याला नाव दिलं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून होतं, म्हणून याला चंद्राचं नाव. ओळख पटली, मग नाव ठेवलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हा क्रम कळत होता. जागतिक आरोग्य संघटनेनं तर मे २०१५ मध्ये नव्या साथरोगांची नावं कशी ठेवावीत याचे नियमच काढले. गावाचं, जमातीचं नाव नको, भीती पसरवणारा शब्द नको, कारण आजार ओसरतो पण नाव माणसांना चिकटून राहतं.

मावशीच्या गावी मी जानेवारीच्या शेवटी गेलो. ती ओट्यावर बसून सुपात गहू पाखडत होती. रेशनचा गहू. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, त्यातला. दाणे दिसायला कुठल्याही दाण्यांसारखे. तिनं मूठभर माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, “यातच हाये का काही?” तेव्हा बावसकरांचा निष्कर्ष जाहीर व्हायचा होता, पण गव्हाची कुजबुज गावात सुरू झाली होती. मावशीनं व्हायरसचं विचारलं नाही. ज्या बाईनं शाळेत चौथीच्या पुढचं पुस्तक बघितलं नाही, तिनं योग्य प्रश्न विचारला.

त्या मुठीकडे बघताना माझ्या डोक्यात आलं ते ई-पॉस मशीन. रेशन दुकानात अंगठा लावल्याशिवाय दाणा मिळत नाही. कोणत्या कुटुंबानं, कोणत्या दुकानातून, कोणत्या महिन्यात, किती गहू उचलला, याची नोंद आज सरकारी यंत्रणेत आहे. दुसऱ्या बाजूला रुग्णांची यादी आरोग्य विभागाकडे आहे. दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि जुळवायच्या. गहू उचललेल्या किती घरांत केस गळाले, न उचललेल्या किती घरांत गळाले. हे काम मी आणि माझ्यासारखा कुठलाही प्रोग्रॅमर एका दुपारीत करू शकतो. तंत्रज्ञानाबद्दल माझं जे काही मत आहे ते असं आहे: आमच्या लोकांचा अंगठा घेणारं यंत्र गावागावात पोचलंय, पण त्या अंगठ्याचा उपयोग त्यांच्या आरोग्यासाठी करावा हे कोणाला सुचत नाही. तुम्ही पत्रकार म्हणवता ना? मग हा प्रश्न तहसील कार्यालयात जाऊन का विचारला नाहीत? तिथे टक्कल दाखवायला मिळत नाही म्हणून?

१९ जुलै २०२४ ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. जगभर विमानतळ, बँका, रुग्णालयं यांचे संगणक निळे पडले. सुमारे ८५ लाख यंत्रं. तुमच्यापैकी अनेकांनी तासाभरात ‘महाभयंकर सायबर हल्ला’ म्हणून सांगितलं. हल्ला कोणाचाच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका अपडेटमध्ये दोष होता. तीन आठवड्यांच्या आत कंपनीनं कारणाचा सविस्तर अहवाल जाहीर केला. एका ठिकाणी २१ माहितीचे रकाने अपेक्षित होते, दुसरीकडून २० च आले, एकविसावा शोधायला प्रोग्रॅम नको त्या जागी गेला आणि कोसळला. कंपनी स्वतः दोषी होती, तरी दोष कुठे होता ते तिनं मोजून सांगितलं. तुमच्याकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो. २१ होते की २० होते, ते सांगा.

लोणारचंही तुम्ही असंच केलंत. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. ‘शास्त्रज्ञ चक्रावले’, ‘नासाही थक्क’. नासानं उपग्रहाची आधीची आणि नंतरची छायाचित्रं प्रसिद्ध केली होती, थक्क होण्याचा त्यात प्रश्न नव्हता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, नमुने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे गेले, आणि उत्तर मिळालं: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य. पाणी आटलं, क्षार वाढला, ते माजले. किती सुंदर गोष्ट होती ही! बेसॉल्टच्या खडकात उल्कापातानं झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद असं ते विवर, त्यातलं ते अल्कधर्मी पाणी आणि त्यात सुखानं जगणारे जीव. आमच्या जिल्ह्यातली शाळेची पोरं त्यावर वर्षभर वही भरू शकली असती. तुम्ही त्यांना ‘चमत्कार’ दिलात आणि उत्तर आलं त्या दिवशी दुसरीकडे निघून गेलात.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला पीक-पाण्याचं भाकीत सांगणारी घटमांडणी होते. तिच्यावर माझा विश्वास नाही. पण तिथे घट सगळ्यांसमोर आखतात, धान्याचे दाणे सगळ्यांसमोर मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं ते बघून बोलतात. कशावरून बोलतात हे पाहायला कोणालाही जाता येतं. तुमचा व्हायरस कशावरून आला, हे पाहायला मी कुठे जाऊ?

तुम्ही म्हणाल, एका शब्दानं काय एवढं बिघडलं? १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं ठेचून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एका मेसेजची किंमत पाच जीव ठरल्यावर प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलला गेला. शेगाव तालुक्यात जीव गेला नाही. पोरी कॉलेजात जायच्या थांबल्या, सलूनवाल्यानं खुर्ची दिली नाही, पाहुणे उंबऱ्याबाहेरून परत गेले, ठरत आलेली लग्नं मोडली. यातलं काही तुमच्या दुसऱ्या व्हिडिओत आलं का?

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल. आता लोक प्रश्न विचारायला एआयकडे जातात. ती यंत्रं इंटरनेटवर लिहिलेलं वाचून शिकतात. इंग्रजीत एक माणूस खोटं लिहितो तेव्हा हजार जण खरं लिहिणारे असतात, खोटं बुडून जातं. मराठीत विज्ञानावर लिहिलेलं मुळातच थोडं. त्यामुळे मराठीतल्या प्रत्येक वाक्याला वजन फार. तुम्ही टाकलेला ‘टक्कल व्हायरस’ उद्या कुठल्या यंत्रानं उचलला, तर दहा वर्षांनी बहिणीच्या मुलीनं आपल्या आजोळाबद्दल विचारल्यावर तिला तेच उत्तर मिळेल. ज्या भाषेत तुम्ही पोट भरता, तिच्या विहिरीत तुम्ही हे टाकलंय.

तुमच्या घराचं भाडं व्ह्यूजवर चालतं, हे मला माहीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणाऱ्याला महिन्याला काय मिळतं, तेही माहीत आहे. म्हणून तुमची चूक हलकी होत नाही, पण तुम्ही ती दुरुस्त कराल अशी आशा मला अजून आहे.

काम दोन मिनिटांचं आहे, आणि मी प्रोग्रॅमर असल्यामुळे कसं करायचं ते नेमकं सांगू शकतो. तुमच्या चॅनेलवर जा. जानेवारी २०२५ चे व्हिडिओ शोधा. पेन्सिलचं चिन्ह दाबलं की शीर्षक बदलता येतं, व्हिडिओ काढून टाकायचीही गरज नाही, व्ह्यूजही कमी होत नाहीत. ‘टक्कल व्हायरस’ खोडा. तिथे लिहा: ‘शेगाव तालुक्यातील केसगळती: विषाणूचा पुरावा नाही, रेशनच्या गव्हातील सेलेनियमवर संशय.’ सेव्ह दाबा. मग तीच ओळ, ज्या ज्या ग्रुपवर पहिला व्हिडिओ टाकला होता, त्या त्या ग्रुपवर टाका, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

एक प्रत मुलाच्या त्या काकाकडेही पोचेल. मावशी अजून त्याच गावात राहते, बहिणीचं लग्न अजून ठरायचं आहे.

आपला,
खामगावचा एक प्रोग्रॅमर